‘आतलं मेडिकल’ म्हणजे नेमकं कोणतं? तीन कागदांची चिकित्सा, पालघर-बोईसरमधून

रिसर्चची तयारी करणाऱ्या मुलामुलींचा एक ठरलेला प्रश्न असतो. "लिटरेचर रिव्ह्यूत टीका करा म्हणतात, पण समोर सुप्रीम कोर्ट, सरकारी संस्था, जागतिक आरोग्य संघटना. त्यांच्यावर आपण काय टीका करणार?" माझं उत्तर साधं आहे. समोरच्या कागदाने कोणता प्रश्न विचारला, कोणता विचारला नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नामुळे कोण मोजणीतून निसटलं, एवढं दाखवा. त्याला मोठं नाव लागत नाही. कागद नीट वाचावा लागतो आणि आपलं गाव माहीत असावं लागतं.

आज हे एका विषयावर करून बघू: रुग्णालयाच्या आतलं औषधांचं दुकान. बोलताना आपण त्याला ‘आतलं मेडिकल’ म्हणतो आणि रस्त्यापलीकडच्याला ‘बाहेरचं मेडिकल’. आतलं महाग, बाहेरचं स्वस्त, हे पालघर स्टेशनवर कुणालाही विचारा, तो सांगेल. पण सिनॉप्सिसमध्ये ‘आतलं’ हा शब्द लिहिला की गाईड पहिलं विचारणार, आतलं म्हणजे काय? माझं म्हणणं असं की या विषयावरच्या तीन महत्त्वाच्या कागदांनी हा प्रश्न पुरेसा सोडवलेला नाही. त्याचा फटका दिल्लीच्या रुग्णापेक्षा बोईसरच्या रुग्णाला जास्त बसतो.

पहिला कागद: ४ मार्च २०२५ चा निकाल

२०१८ मध्ये सुप्रीम कोर्टात एक जनहित याचिका दाखल झाली. खासगी रुग्णालयं रुग्णांना त्यांच्याच औषध दुकानातून औषधं आणि साहित्य घ्यायला भाग पाडतात आणि त्यासाठी जास्त पैसे मोजावे लागतात, अशी तक्रार होती. न्यायमूर्ती सूर्य कांत आणि न्यायमूर्ती एन. कोटीश्वर सिंह यांच्या खंडपीठाने ४ मार्च २०२५ रोजी तिचा निकाल दिला. केंद्र सरकारचं म्हणणं होतं की रुग्णांवर अशी कोणतीही सक्ती नाही. कोर्टाने स्वतः बंधनकारक आदेश दिले नाहीत. आरोग्य हा राज्यांचा विषय, तेव्हा राज्य सरकारांनी विचार करून योग्य ते धोरण ठरवावं, असं सांगितलं. सरकारी आरोग्यसेवा अपुरी पडते म्हणून लोक खासगीकडे जातात, हेही निकालात आहे, आणि खासगी गुंतवणूक मागे हटेल असे निर्बंध घालताना जपून, असंही आहे.

आता रिसर्चच्या चष्म्यातून बघा. सगळा वाद ‘सक्ती’ या एका शब्दाभोवती फिरतो. सक्ती आहे की नाही? हा हो-नाहीचा प्रश्न झाला. संख्याशास्त्रात याला दोनच किमती असलेला व्हेरिएबल म्हणतात, शून्य किंवा एक. कोणी तोंडाने किंवा लेखी "इथूनच घ्या" म्हटलं तर एक, नाहीतर शून्य. सरकारने शून्य सांगितलं, आणि कागदावर ते बरोबरच आहे. "बाहेरून आणलंत तर चालणार नाही" असं लिहून कोण देतं?

याच विचाराचं पुढचं टोक म्हणजे पाटी. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत १७ हक्क आहेत, त्यात औषध कुठून घ्यायचं ते निवडण्याचा हक्क आहे. केंद्राने ती सनद २०१९ मध्ये राज्यांकडे पाठवली. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनानेही रुग्णालयातल्या दुकानांना पाटी लावायला सांगितलं आहे, की इथूनच औषधं घेणं बंधनकारक नाही. पाटी चांगलीच आहे, ती असावीच. पण पाटी "परवानगी आहे का" या प्रश्नाचं उत्तर देते. रात्री दोन वाजता बोईसरच्या नवापूर रोडवर, आईला सलाईन लावलेली असताना हातात चिठ्ठी घेऊन उभ्या असलेल्या पोराचा प्रश्न "जमेल का" हा आहे. परवानगी आणि शक्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निकालाच्या चर्चेत पहिलीच मोजली गेली.

दुसरा कागद: चार रुग्णालयांची बिलं

फेब्रुवारी २०१८ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने, म्हणजे एनपीपीएने, दिल्ली आणि आसपासच्या चार खासगी रुग्णालयांच्या बिलांचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. त्यातला एक आकडा सगळ्या पेपरांनी छापला: खरेदी किमतीवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा. मुलं सिनॉप्सिसमध्ये हा आकडा पहिल्याच परिच्छेदात टाकतात आणि पुढे जातात. थांबा. त्या अहवालातला जास्त महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. मोजके अपवाद सोडले तर रुग्णालयांना हा नफा मिळवायला छापील किंमत ओलांडावी लागली नव्हती. छापील किंमतच आधी फुगवलेली होती.

हे कसं होतं ते समजून घ्या, कारण इथेच बरेच जण अडखळतात. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार यादीतल्या, म्हणजे शेड्यूल्ड, औषधांना कमाल किंमत ठरते. बाजारात एक टक्का किंवा जास्त वाटा असलेल्या ब्रँडांच्या दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची सरासरी काढायची आणि त्यावर १६ टक्के किरकोळ विक्रेत्याचा नफा धरायचा. यादीबाहेरच्या औषधाची पहिली छापील किंमत कंपनी ठरवते, नंतर वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. म्हणजे यादीबाहेरचं औषध, मोठी खरेदी करणारं रुग्णालय आणि किंमत ठरवायला मोकळी कंपनी एकत्र आले, की कंपनी किंमत जास्त छापते आणि रुग्णालयाला माल स्वस्तात देते. मधला फरक रुग्णालयाचा.

समजुतीसाठी मनचे आकडे घेऊ. छापील किंमत ४०० रुपये. रुग्णालयाला पडली ८० ला. बाहेरच्या दुकानात त्याच मूळ औषधाचा दुसरा ब्रँड, छापील किंमत १४०, वर दहा टक्के सूट, म्हणजे १२६. आतल्या दुकानाने ४०० घेतले. कायदा मोडला? नाही. रुग्णाचे २७४ रुपये जास्त गेले? हो. एका डोसचे.

तारापूर एमआयडीसीत औषधांची मूळ रसायनं, म्हणजे बल्क ड्रग, बनवणारे कारखाने आहेत. त्यामुळे आपल्याकडे लोक सहज म्हणतात, "औषध इथंच बनतं, मग इथं इतकं महाग का?" प्रश्न रास्त आहे, पण उत्तर कारखान्यात सापडणार नाही. १९९५ च्या आदेशात किंमत उत्पादनखर्चावरून ठरायची, २०१३ पासून ती बाजारभावाच्या सरासरीवरून ठरते. रिअ‍ॅक्टरमधून निघणाऱ्या किलोचा भाव आणि स्ट्रिपवर छापलेला भाव यांचं नातं या आदेशात थेट उरलेलं नाही.

आता एनपीपीएच्या अहवालाची मर्यादा. चार रुग्णालयं, दिल्ली परिसर, कॉर्पोरेट पद्धत. तिथे औषध रुग्णापर्यंत कसं पोचतं? सिस्टर कॉम्प्युटरवर किंवा वहीत मागणी नोंदवते, त्याला इंडेंट म्हणतात. औषध वॉर्डात येतं, रक्कम बिलात चढते. नातेवाइकाला स्ट्रिप दिसतच नाही, दिसतं ते डिस्चार्जच्या दिवशीचं बिल. म्हणून बिलाचा अभ्यास तिथे योग्य ठरला.

आपल्याकडे असं चालतं का? तालुक्याच्या गावातलं साधारण नर्सिंग होम डोळ्यासमोर आणा. वर दहा-पंधरा खाटा, खाली तळमजल्यावर गाळा, गाळ्यात मेडिकल. सिस्टर चिठ्ठी देते, नातेवाईक जिना उतरतो, रोख पैसे देतो, पिशवी घेऊन वर येतो. दिवसातून चार वेळा. औषधाची रक्कम रुग्णालयाच्या बिलात चढतच नाही, ती मेडिकलच्या सुट्या पावत्यांत राहते, आणि त्यातल्या निम्म्या घरी पोचेपर्यंत हरवतात. एनपीपीएची पद्धत जशीच्या तशी उचलून बोईसरला आणलीत आणि रुग्णालयांची बिलं गोळा केलीत, तर औषधखर्च जवळजवळ शून्य निघेल. पद्धत चुकीची नाही, ती इंडेंटच्या जगासाठी बनलेली आहे. आपलं जग चिठ्ठीचं आहे.

पुढचा प्रश्न मालकीचा. तो तळमजल्याचा गाळा रुग्णालयाचा आहे का? लायसन्स बघितलं तर बहुतेकदा वेगळ्या नावावर. कधी तो भाडेकरू असतो, कधी घरातलाच कुणीतरी. किरकोळ विक्रीचं लायसन्स जागेला आणि लायसन्सधारकाला मिळतं. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरशी त्याचा संबंध काय, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं. म्हणून "रुग्णालयाच्या मालकीचं औषध दुकान" अशी व्याख्या केलीत, तर आपल्याकडची अशी दुकानं अभ्यासातून बाहेर पडतात. सगळं गाव ज्याला आतलं मेडिकल म्हणतं, ते तुमच्या व्याख्येत बाहेरचं ठरतं.

मग अडकवतं काय?

मालकी नाही आणि तोंडी सक्तीही नाही, तर नातेवाईक खालच्याच दुकानात का जातो? इथे औषध नियम, १९४५ मधला एक बारीक नियम बघा, ६५(११अ). शेड्यूल एच, एच-१ किंवा एक्समधलं औषध चिठ्ठीवर असेल, तर दुकानदाराने त्याऐवजी दुसरं औषध द्यायचं नाही, मग त्यात तोच मूळ घटक असला तरी. डॉक्टरने ब्रँड लिहिला की फार्मासिस्टचे हात बांधले. नियमाचा हेतू रुग्णाच्या सुरक्षेचा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण परिणाम बघा. लिहिलेला ब्रँड फक्त खालच्या गाळ्यात मिळत असेल, तर पाटी काहीही सांगो, स्टेशनजवळचा फार्मासिस्ट कायद्याने एवढंच म्हणू शकतो की "हा ब्रँड आमच्याकडे नाही." नातेवाईक रिकाम्या हाताने परत. दुसऱ्या वेळी तो स्टेशनपर्यंत जातच नाही. आता त्याला विचारा, "तुमच्यावर सक्ती होती का?" तो सांगेल, नाही हो, आम्हीच तिथून घेतलं. प्रश्नावलीत तुम्ही ‘नाही’वर टिक करणार.

भारतीय स्पर्धा आयोगाने हे थोडंफार ओळखलं होतं. दिल्लीतल्या एका रुग्णालयसाखळीत सिरिंजच्या किमतीवरून तक्रार झाली होती. ३१ ऑगस्ट २०१८ च्या आदेशात आयोगाने तपास वाढवायला सांगितला. त्यामागचा विचार असा की रुग्ण भरती झाला की तो सहज उठून दुसरीकडे जाऊ शकत नाही, त्यामुळे आतली खरेदी ही एक वेगळी बाजारपेठ धरून तपासायला हवी. अर्थशास्त्रात याला अडकलेला ग्राहक म्हणतात. माझ्या मते या विषयावरचा हा सगळ्यात उपयोगी विचार आहे. पण तोही मोठ्या सुपर-स्पेशालिटी रुग्णालयांच्या संदर्भात आला. पंधरा खाटांच्या नर्सिंग होमपर्यंत तो आपणच आणायला हवा.

तिसरा कागद: किमती मोजण्याची जागतिक पद्धत

औषधांच्या किमतींवर पीएचडी करायची म्हटलं की प्रत्येक गाईड एक पद्धत सुचवतो: जागतिक आरोग्य संघटना आणि हेल्थ अ‍ॅक्शन इंटरनॅशनल यांची, २००३ मध्ये आलेली आणि २००८ मध्ये सुधारलेली. ठरावीक औषधांची यादी घ्यायची, सरकारी, खासगी आणि इतर अशा क्षेत्रांतली केंद्रं निवडायची, भेटीच्या दिवशी औषध उपलब्ध आहे का आणि किंमत किती ते नोंदवायचं, मग आंतरराष्ट्रीय संदर्भ किमतीशी गुणोत्तर काढायचं. भारतात याच पद्धतीने सहा ठिकाणी झालेला अभ्यास २००७ मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये आला, त्यात महाराष्ट्रही होता. सरकारी केंद्रांत औषधांची उपलब्धता किती कमी आहे, हे त्याने आकड्यांत दाखवलं. काम मोठं आहे आणि पद्धत शिस्तीची आहे. सुरुवात तिथूनच करा.

पण आपल्या प्रश्नासाठी तिच्यात तीन अडचणी आहेत.

एक, ती दुकानांची विभागणी क्षेत्राने करते. जिना उतरून दहा पावलांवरचं दुकान आणि स्टेशनजवळचं दुकान दोन्ही ‘खासगी’त जातात आणि त्यांची सरासरी निघते. आपल्याला नेमका त्यांच्यातला फरक हवा आहे.

दोन, ती फळीवरची किंमत मोजते, चिठ्ठीवरची नाही. फळीवर १४० चा ब्रँड असेलही. चिठ्ठीवर ४०० चा असेल तर रुग्णाला १४० चा काय उपयोग?

तीन, परवडण्याचं मोजमाप. उपचाराची किंमत, सर्वात कमी पगाराच्या अकुशल सरकारी कर्मचाऱ्याच्या किती दिवसांच्या वेतनाएवढी, असं ती मोजते. देशादेशांची तुलना करायला हे सोयीचं आहे. पण तारापूरच्या कारखान्यात ठेकेदाराकडे रोजावर काम करणारा, वीटभट्टीवर जाणारा कातकरी, भातलावणी संपल्यावर कामाच्या शोधात बाहेर पडणारा वारली, यांची मिळकत सरकारी कर्मचाऱ्याच्या तळाच्या पगाराच्याही खाली असू शकते आणि ती रोज मिळेलच असं नाही. शिवाय माणूस भरती झाला की रुग्णाचा रोज बुडतो आणि चिठ्ठी घेऊन खाली-वर करणाऱ्याचाही. औषधाची किंमत भागायची ती आलेल्या मजुरीने, बुडालेल्या मजुरीने नव्हे. हा भाजक बदलला तर उत्तर किती बदलतं, हा एकच धडा एका एम.फिल. इतका मोठा आहे.

यादीतून कोण गळतं

आता सॅम्पलिंग फ्रेम, म्हणजे ज्या यादीतून नमुना उचलायचा ती यादी. बहुतेक जण अन्न व औषध प्रशासनाकडून लायसन्सधारक दुकानांची यादी मिळवायचा विचार करतात. चांगला विचार आहे, पण त्या यादीत काय नसतं ते बघा.

सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या रुग्णालयातून औषध दिलं जातं तेव्हा, औषध नियमांच्या शेड्यूल ‘के’नुसार, काही अटींवर विक्रीचं लायसन्स लागत नाही. म्हणजे पालघर तालुक्यातली प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण रुग्णालयं, जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय, इथली औषधखिडकी त्या यादीत दिसणार नाही. स्वतःच्या रुग्णाला पुडीतून गोळ्या देणारा डॉक्टरही त्याच शेड्यूलमुळे यादीबाहेर. पालघर जिल्ह्याच्या पूर्व भागात आजाऱ्याची औषधाशी पहिली गाठ बऱ्याचदा या दोन ठिकाणीच पडते. यादीवर विसंबलात तर नमुना आपोआप रेल्वेलाइनच्या कडेच्या गावांकडे झुकेल. जव्हार, मोखाडा, विक्रमगड कमी दिसतील, आणि तुम्ही निष्कर्षात लिहाल ‘पालघर जिल्हा’.

बोईसर-तारापूरमध्ये आणखी दोन प्रकार आहेत. अणुऊर्जा केंद्राच्या वसाहतीतल्या कर्मचाऱ्याला औषध त्याच्या सेवेच्या आरोग्ययोजनेतून मिळतं. कर्मचारी राज्य विमा योजनेत नाव असलेल्या कामगाराला ते विम्यातून मिळायला हवं. या योजनेची वेतनमर्यादा २०१७ पासून महिना २१,००० रुपये आहे. म्हणजे एकाच बसथांब्यावर उभ्या असलेल्या चार माणसांसाठी ‘आतलं मेडिकल’ चार वेगळ्या गोष्टी आहेत: वसाहतीतल्याला सेवेचा भाग, विमा असलेल्याला हक्क, सरकारी दवाखान्यात जाणाऱ्याला मोफत खिडकी, आणि ज्या ठेका कामगाराचं नावच विम्यात चढलेलं नाही त्याला रोख काउंटर. चौघांची सरासरी काढली तर ती चौघांपैकी कुणाचीच नसेल.

सरकारी बाजूला तर व्याख्या उलटीच होते. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. पण खिडकीवर औषध संपलेलं असेल तर "बाहेरून आणा" अशी चिठ्ठी येते, आणि मग गेटसमोरचं दुकान हेच त्या रुग्णाचं ‘आतलं मेडिकल’ होतं. भिंतीच्या बाहेर असूनही अडकवणारं. म्हणून मला वाटतं, व्याख्येत मालकी नको, भिंतही नको. चिठ्ठी हवी.

आतल्या दुकानाची बाजू

चिकित्सा करायची तर दुसरी बाजू तितक्याच ताकदीने मांडायला हवी, नाहीतर व्हायव्हात परीक्षक मांडेल. आतलं मेडिकल नसतं तर काय झालं असतं? रात्री दोन वाजता स्टेशनजवळचं दुकान उघडं असतं का? थंड ठेवायचं इंजेक्शन बाहेरून पिशवीत आणलं तर ते तेवढंच गार राहिलं याची खात्री कोण देणार? उरलेलं औषध डिस्चार्जच्या वेळी परत घ्यायला खालचं दुकान सहसा तयार असतं, बाहेरचा कुरकुरतो. बनावट औषधाची भीती डॉक्टरलाही असते, आणि ती नेहमीच बहाणा नसते. शिवाय पंधरा खाटांचं रुग्णालय कमी तपासणी-फीवर चालतं ते कदाचित गाळ्याच्या भाड्यामुळेच. भाडं काढून घेतलं तर फी वाढेल का? हा प्रश्न खरा आहे, आणि खंडपीठाने खासगी गुंतवणुकीबद्दल जी सावधगिरी सुचवली ती या जागी लागू पडते.

म्हणून "आतली मेडिकलं बंद करा" हा निष्कर्ष लिहायला मी कुणालाही सांगणार नाही. कोणत्या क्षणी आतलं दुकान ही सोय असते आणि कोणत्या क्षणी ती कोंडी होते, हे वेगळं करता येणं, एवढं काम संशोधकाचं.

मग मोजायचं काय?

मोजणीचं एकक दुकान नको, बिलही नको. चिठ्ठी घ्या. प्रत्येक चिठ्ठीवर चार नोंदी करा. चिठ्ठीत ब्रँड आहे की औषधाचं मूळ नाव? तो ब्रँड चालत दहा मिनिटांच्या आतल्या, त्या वेळी उघड्या असलेल्या दुसऱ्या दुकानात होता का? चिठ्ठी किती वाजता हातात पडली? औषध किती वेळात आणायला सांगितलं?

या चार नोंदींवरून चिठ्ठी ‘उघडी’ की ‘बंद’ ते ठरवा. ब्रँड दुसरीकडे मिळत होता आणि जाऊन यायला वेळ होता, तर उघडी. नाहीतर बंद. शंभर चिठ्ठ्यांत बंद किती, हे तुमचं मुख्य माप. पाटी लागण्याआधी आणि नंतर हे माप घेतलंत तर पाटीचा उपयोग किती हेही कळेल. बंद चिठ्ठीवर पाटीचा परिणाम शून्य असायला हवा, उघड्या चिठ्ठीवर थोडा दिसायला हवा. हे माझं गृहीतक, म्हणजे हायपोथेसिस.

ते खोटं कधी ठरेल, हेही आत्ताच लिहून ठेवायला हवं. दिवसाच्या वेळी नव्वद टक्के चिठ्ठ्या उघड्या निघाल्या, लोकांना बाहेरची किंमत माहीत होती, आणि तरी ते खालीच गेले, तर कोंडीचा माझा युक्तिवाद लंगडा पडतो. मग विश्वास, सवय आणि सोय यांचा अभ्यास करावा लागेल. असं वाक्य सिनॉप्सिसमध्ये असलं की परीक्षक सरसावून बसतो.

एक गोष्ट मात्र घाईत विसरू नका. चिठ्ठीवर नाव असतं, आजार असतो. फोटो काढून फोनमध्ये ठेवू नका, नाव वगळून नोंद करा. जिना उतरणाऱ्या माणसाला मध्येच थांबवून प्रश्नावली पुढे करू नका. डिस्चार्जनंतर किंवा घरी जाऊन बोला. आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आधी घ्या, आणि संमतिपत्र ज्या भाषेत कळतं त्या भाषेत वाचून दाखवा. बोईसरच्या चाळीत ती भोजपुरीच्या जवळची हिंदी असेल, विक्रमगडला वारली बोली असेल. विद्यापीठाने दिलेलं इंग्रजी संमतिपत्र तिथे नुसता अंगठ्याचा कागद होतो.

शेवटी एक गृहपाठ. डेटा गोळा करायला निघण्याआधी वहीत एकच वाक्य लिहा: "या अभ्यासात आतलं मेडिकल म्हणजे..." मग ते वाक्य घेऊन आपल्या तालुक्यातल्या चार ठिकाणी मनातल्या मनात फिरा: नर्सिंग होमचा तळमजला, ग्रामीण रुग्णालयाची खिडकी, त्याच्या गेटसमोरचं दुकान आणि पुडीतून गोळ्या देणारा डॉक्टर. चारपैकी जे तुमच्या वाक्यात बसत नाही, तिथला रुग्ण तुमच्या प्रबंधात येणार नाही. त्याला वगळायचं असेल तर वगळा, पण का वगळलं ते त्याच पानावर लिहा.